मालवणच्या आळीत सापडलेली खानावळ: सर्वांना सांगावी की आपल्यापुरती ठेवावी?

बदलीवर आलेला (मालवण)

नमस्कार. नोकरीतल्या बदलीमुळे गेला पावसाळा संपल्यावर मी मालवणात राहायला आलो. कुटुंब मुलांच्या शाळेमुळे सांगलीलाच असल्याने दोन्ही वेळचे जेवण बाहेर घ्यावे लागते. सुरुवातीचे काही आठवडे मी बाजारपेठेतल्या आणि तारकर्लीच्या रस्त्यावरच्या मोठ्या हॉटेलांत जेवत असे. तिथले जेवण वाईट होते असे म्हणणार नाही. परंतु सुरमई थाळी, पापलेट थाळी, कोळंबी थाळी या तीन नावांपलीकडे पाटी जात नव्हती आणि मासा कोणताही असला तरी त्याच्यासोबतची आमटी एकाच भांड्यातून येत असे. रोज जेवणाऱ्या माणसाला ते फार दिवस चालत नाही.

शेवटी, आमच्या कार्यालयातले शिपाई आणि चालक दुपारी कुठे जेवतात, याची मी चौकशी केली आणि त्यांच्यापैकी एकाबरोबर एका आळीत गेलो. आळीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. प्रश्न त्याविषयीच आहे. चिऱ्याचे जुने घर, पुढे सारवलेले खळे, पडवीत चार बाकडी आणि बाहेर कसलीही पाटी नाही. एक साठीच्या आसपासच्या काकू आणि त्यांची सून असे दोघींचे ते स्वयंपाकघर आहे. त्या दिवशी पेडव्यांचे तिखले, उकड्या तांदळाचा भात, कुळथाची पिठी, वालीची भाजी आणि सोलकढी असे जेवण होते. पेडवे हा मासा आमच्याकडे कोणी ताटात वाढल्याचे मला आठवत नाही. बोटाएवढा तो मासा, अंगाबरोबर राहिलेले दाट तिखले, आणि त्या तिखल्यात कांद्यालसणाचा नव्हे तर जिभेला किंचित बधिर करणारा, लिंबाच्या सालीची आठवण करून देणारा एक वेगळाच वास. तो तिरफळ नावाच्या मसाल्याचा असतो, हे मला नंतर कळले. जेवून उठताना, परक्या गावात इतके दिवस काढल्यावर प्रथमच आपण कोणाच्या तरी घरी जेवलो, अशी भावना झाली आणि तेव्हापासून मी तिथेच जेवतो.

आता माझे दोन प्रश्न आहेत. पहिला असा की, या घरात जेवणाची यादी नाही. एकदा मी सुरमई मिळेल का असे विचारले, तेव्हा काकू शांतपणे ‘आज नाय गावली’ म्हणाल्या आणि बांगडा वाढला. अशा स्वयंपाकघरात काय शिजवायचे हे नेमके कशावर ठरते, पावसाळ्यात मासेमारी बंद झाल्यावर तिथे काय मिळते, आणि बाहेरून आलेल्या माणसाने तिथे काय मागावे व काय मागू नये, हे येथील जाणकारांनी सांगितले तर बरे होईल.

दुसरा प्रश्न मला अधिक सतावतो. माझ्या एका तरुण सहकाऱ्याला या खानावळीची चित्रफीत करून समाजमाध्यमांवर टाकायची आहे आणि नकाशावर जागेची नोंदही करायची आहे. त्याचा हेतू चांगला आहे. काकूंना चार पैसे अधिक मिळावेत असे त्याला मनापासून वाटते. मला मात्र धास्ती वाटते. चांगली जागा लपवून ठेवणे स्वार्थीपणाचे आहे आणि ती गाजवणे धोक्याचे आहे, अशा पेचात मी आहे. आपले काय मत आहे?

समुद्राकाठचा (मालवण)

आपला पहिला प्रश्न मच्छीमार घरातल्या माणसाला फार आवडणारा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आळीतल्या खानावळीचे जेवण त्या दिवशी पहाटे किनाऱ्यावर काय आले यावर ठरते. आमच्याकडे मासा वेगवेगळ्या वाटांनी येतो. रापणीचे जाळे हा त्यातला सर्वांत जुना मार्ग. जाळ्याचे एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी समुद्रात अर्धवर्तुळ घेत जाते, दुसरे टोक घेऊन परत किनाऱ्याला लागते आणि मग दोन्ही बाजूंनी माणसे ते जाळे ओढतात. मिळालेल्या मासळीचे वाटे ठरलेल्या रीतीने होतात. या जाळ्यात काठाजवळून थव्याने जाणारे मासे येतात, म्हणजे पेडवे, तारली, बांगडे आणि अशीच किरकोळ मासळी. त्याखेरीज छोट्या होड्या जाळी टाकून येतात आणि मोठे ट्रॉलर खोल पाण्यातून येतात. मोठी सुरमई, सरंगा, पापलेट यांना भाव असतो. तो मासा किनाऱ्यावरच व्यापारी उचलतात आणि बर्फात घालून गोव्याला, मुंबईला किंवा पर्यटकांच्या हॉटेलांना पाठवतात. तुमच्या काकूंनी सुरमई आणायची ठरवली तर थाळीचा दर दुप्पट करावा लागेल आणि तुमच्या कार्यालयातला शिपाई उद्यापासून तिथे येऊ शकणार नाही. म्हणून ‘आज नाय गावली’ या उत्तरात बाजारातला तुटवडा जितका आहे, तितकाच जेवणाऱ्यांचा विचारही आहे.

पापलेटाबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने पापलेटाला राज्यमासा म्हणून घोषित केले, आणि त्यामागचे एक मोठे कारण त्याची घटत चाललेली संख्या हे होते. पूर्ण वाढ न झालेली छोटी पापलेटे सर्रास पकडली आणि विकली जातात. ताटात तळहाताएवढेही नसलेले पापलेट आले तर ते खाणाऱ्याने नाकारावे, असे मला प्रामाणिकपणे वाटते. पेडवे आणि बांगडे खाणारा माणूस काठावरच्या मच्छीमाराला जगवतो. पर्ससीन जाळी (माशांच्या थव्याला वेढून खालून आवळली जाणारी मोठी जाळी) आणि प्रखर दिव्यांच्या साहाय्याने होणारी मासेमारी यांमुळे आमच्या रापणींना मासळी मिळेनाशी झाली आहे, हे येथील जुने दुखणे आहे. केंद्र शासनाने २०१७ मध्ये दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली, तरी तो संघर्ष संपलेला नाही. ताटातल्या माशाचा या सगळ्याशी संबंध आहे.

पावसाळ्याचे विचाराल तर, १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. तो माशांच्या विणीचा काळ आणि समुद्रही खवळलेला. पुढे नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून मच्छीमार नव्या हंगामाला लागतात. या दोन महिन्यांत जिथे रोज ‘ताजी सुरमई’ मिळते, तिथला मासा बहुधा शीतगृहातला असतो. आळीतल्या खानावळीत त्या दिवसांत सुके बांगडे निखाऱ्यावर भाजून येतील, सुकटाची किसमूर येईल, गोलम्याचे म्हणजे बारीक सुक्या कोळंबीचे कालवण येईल. किसमूर म्हणजे भाजलेले सुकट, ओले खोबरे, कांदा आणि कोकम यांचे कोरडे मिश्रण. पिठीभाताबरोबर ती खाल्लीत तर जुलै महिना तुम्हांला आवडू लागेल.

तिथे काय मागावे? ‘आज काय लागले आहे?’ एवढेच विचारावे. तिरफळ चावू नये, ते वासापुरते असते. आणि काटे पाहून छोटा मासा परत करू नये. सुरुवातीला वेळ लागेल, पण हात बसतो.

दुसऱ्या प्रश्नाबाबत माझे मत असे की सांगावे, जरूर सांगावे. पण सांगताना पेडव्यांविषयी सांगावे. सुरमईच्या अपेक्षेने येणारी गर्दी त्या घराच्या उपयोगाची नाही. पेडवे खायला येणारी चार माणसे वाढली तर त्या घराचेही भले होईल आणि रापणीचेही.

वेंगुर्ल्याची सून (वेंगुर्ले)

मी स्वतः माझ्या सासूबाईंबरोबर अशीच एक खानावळ चालवते, म्हणून वरच्या प्रतिसादातला दुसरा भाग मला मान्य नाही आणि तो का मान्य नाही हे नीट सांगणे मला आवश्यक वाटते.

खानावळीचा दिवस पहाटे सुरू होतो. मासळी बाजारात जाऊन कल्ले उघडून पाहायचे, डोळा आत गेलेला मासा सोडायचा, भाव करायचा, घरी आणून खवले काढायचे, साफ करायचे. तोवर दुसरी नारळ खोवते. ओल्या खोबऱ्याचे कच्चे वाटप माशाच्या आमटीला लागते, तर कोंबडीच्या रश्श्याला आणि काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याला खोबरे व कांदा भाजून केलेले वाटप लागते. दोन्ही रोज ताजे व्हायला हवे. सोलकढीसाठी वेगळे नारळ वाटून रस काढायचा. हा रस दुपारी काढला तर रात्रीपर्यंत जेमतेम राहतो आणि दुसऱ्या दिवशी तर नाहीच. म्हणून किती ताटे होणार हे सकाळी दहा वाजेपर्यंत आम्हांला ठाऊक असावे लागते. त्याहून पाच अधिक आम्ही सांभाळून घेतो. पंधरा अधिक आली तर आमच्याकडे काहीच उपाय नसतो, कारण उरलेला मासा दुसऱ्या दिवशी वाढायचा नाही असा नियम असेल तर आदल्या अंदाजाने जास्तीचा मासा आणून ठेवताच येत नाही.

दुसरी गोष्ट वर्षभराच्या बेगमीची. आमचा मसाला चैत्र-वैशाखात होतो. मिरच्या कडकडीत उन्हात वाळवायच्या, धणे, बडीशेप, खसखस, दगडफूल, नागकेशर हे सगळे वेगवेगळे भाजायचे आणि मग दळून आणायचे. मे महिन्यात रातांबे म्हणजे कोकमाची फळे पिकतात. त्यांच्या गरापासून आणि रसापासून मीठ घालून आगळ करायचे, आणि सालींना तोच रस पुन्हा पुन्हा चोळून उन्हात वाळवून आमसुले करायची. पावसाची पहिली सर येण्याआधी हे सगळे बरण्यांत भरलेले असले पाहिजे. किती मसाला करायचा आणि किती आगळ काढायचे याचा हिशोब रोजच्या जेवणाऱ्यांवरून होतो. अचानक तिप्पट माणसे येऊ लागली तर तो साठा दिवाळीतच संपतो. मग पुढे काय होते ते सांगते. मसाला विकत येतो. आगळ विकत येते आणि त्याचा रंग कशाचा आहे याची खात्री राहत नाही. नारळाच्या रसाऐवजी भुकटी येते, आणि ताज्या माशाऐवजी गोठवलेला मासा. पाहुण्यांना कदाचित फरक कळत नाही, पण ज्याच्यासाठी तुम्ही ती जागा शोधलीत, ते जेवण तिथे उरलेले नसते.

आमच्याकडे हे घडले आहे. एका जेवून गेलेल्या पाहुण्यांनी कौतुकाने चित्रफीत टाकली आणि नाताळच्या सुट्टीत खळ्यात गाड्या लागू लागल्या. दुपारी तीन वाजता दहा-बारा जणांचा गट येऊन सुरमई मागे. नाही म्हटले की नाराजी, आणि ती नाराजी पुन्हा नकाशावरच्या अभिप्रायात. एस.टी.चे चालक-वाहक, शाळेतले शिक्षक, रुग्णालयातल्या परिचारिका ही आमची रोजची माणसे. त्यांना जेवणाच्या सुट्टीत ताटकळत उभे राहावे लागले, आणि ज्याची सुट्टी अर्ध्या तासाची आहे त्याने किती उभे राहावे? त्यांतली काही दुसरीकडे जाऊ लागली. जूनमध्ये पर्यटक आले नाहीत आणि रोजची माणसेही पुरेशी उरली नव्हती. सासूबाईंना त्या वर्षी काही महिने स्वयंपाकघर बंद ठेवावे लागले, आणि ते पुन्हा उभे करायला आम्हांला फार कष्ट पडले.

म्हणून माझी विनंती आहे की चित्रफीत नको. आणि जो काही निर्णय घ्याल तो त्या काकूंना विचारून, त्यांना त्याचे परिणाम समजावून सांगून घ्या. ‘तुमचे नाव होईल’ असे म्हणून विचारलेत तर कोणीही हो म्हणेल. ‘उद्या दुपारी वीस माणसे न कळवता आली तर चालतील का?’ असे विचारा.

गिरणगाव ते कणकवली (कणकवली)

माझे बालपण मुंबईत लालबागला गेले आणि निवृत्तीनंतर मी गावी परतलो. वरची चर्चा वाचताना खानावळीचा इतिहास थोडा मांडावा असे वाटले, कारण या प्रश्नाचे उत्तर त्यात काही अंशी आहे.

कोकणातली माणसे मुंबईच्या कापडगिरण्यांत कामाला गेली तेव्हा बहुतेकांची कुटुंबे गावीच राहिली. एकेका खोलीत गावकरी मिळून राहत, पाळीप्रमाणे झोपत, आणि जेवायला जवळच्या खानावळीत जात. या खानावळी बाया चालवत, स्वतःच्याच राहत्या खोलीत. जेवणाऱ्याला मेंबर म्हणत आणि हिशोब पगाराच्या दिवशी महिन्याचा एकदम होत असे. कोणाला पाळी बदलल्यामुळे उशीर होणार, कोणाचा सोमवार, कोणाला डॉक्टरांनी तिखट बंद केले आहे, हे त्या बाईला तोंडपाठ असे. नवा मेंबर गावच्या माणसाच्या ओळखीने येई. जाहिरात कोणी केल्याचे मला माहीत नाही.

त्यामुळे वेंगुर्ल्याच्या ताईंनी जे लिहिले आहे ते मला अगदी पटते. तरी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. त्या खानावळी चालवणाऱ्या बायांना जेवणाचा बाजार उधारीवर भरावा लागे, त्यासाठी सावकाराकडून भरमसाट व्याजाने पैसे घ्यावे लागत, आणि दिवसभर राबूनही हातात फारसे काही उरत नसे. त्यांचे काम हे काम म्हणून कोणी मोजतच नव्हते. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, ते याच बायांना संघटित करण्यासाठी आणि बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. मेंबरांचा पगार थांबला तसा खानावळीचा हिशोबही थांबला, आणि तरी कित्येक बायांनी आपल्या मेंबरांना जमेल तितके दिवस उधारीवर जेवू घातले. संपाच्या इतिहासात या बायांची जेवढी नोंद व्हायला हवी होती तेवढी झाली नाही, याचे मला वाईट वाटते.

हे सांगण्याचे कारण असे की, खानावळ लपवून ठेवल्याने ती आपोआप सुरक्षित राहते असे नाही. रोज जेवणाऱ्यांच्या प्रेमावर घर चालत नाही. तेव्हा प्रश्नकर्त्यांनी चित्रफितीचा विचार बाजूला ठेवून आधी एक साधी गोष्ट करावी. महिन्याचे पैसे महिन्याच्या सुरुवातीलाच द्यावेत आणि कार्यालयातल्या इतरांनाही तसे करायला सांगावे. हातात आगाऊ रक्कम असली की नारळ शेकड्याने घेता येतात, तांदूळ पोत्याने घेता येतो, मिरच्या भाव उतरला असताना घेता येतात. आणि रोजच्या किरकोळ खरेदीत जो पैसा जातो तो घरात राहतो. दुसरे म्हणजे थाळीचा दर शेवटचा कधी वाढवला हे काकूंना विचारावे. पुष्कळदा या बाया रोजच्या माणसांपुढे संकोचतात आणि तेल, नारळ, गॅस महागला तरी वर्षानुवर्षे जुनाच दर ठेवतात. जेवणाऱ्यांनी आपण होऊन दर वाढवायला सांगितले तर तो संकोच सुटतो.

शाकाहारी देवगडवासी (देवगड)

येथे सगळी चर्चा माशांभोवती फिरत आहे, म्हणून सोमवारच्या बाजूने दोन शब्द लिहितो. आळीतल्या खानावळीची खरी परीक्षा मला सोमवारी आणि श्रावणात होते असे वाटते, कारण त्या दिवशी माशाच्या ताजेपणाचा आधार नसतो आणि हाताची चव तेवढी उरते.

सध्या मार्च चालू आहे, तेव्हा ओल्या काजूगरांची उसळ चुकवू नका. बोंडाखालची बी कोवळी असताना फोडून आतला गर काढतात. तिच्या चिकाने हात भाजतात, सोलणाऱ्या बाईच्या बोटांची सालपटे निघतात, त्यामुळे तो गर महाग असतो आणि उसळ रोज होत नाही. झाली असेल त्या दिवशी ताटातला एकही गर टाकू नये. याच दिवसांत कोवळ्या फणसाची म्हणजे कुयरीची भाजी येते. वर्षभर मिळणारे पदार्थ म्हणजे काळ्या वाटाण्याचे सांबारे आणि आंबोळ्या. हे सांबारे भाजक्या वाटपाचे असते आणि माझ्या मते ते कोंबडीच्या रश्श्याच्या तोडीचे आहे. पाऊस सुरू झाला की टाकळा, कुर्डू, फोडशी, अळू, आणि कोणी रानातून आणली तर अळंबी. नागपंचमीला हळदीच्या पानातल्या पातोळ्या. प्रश्नकर्त्यांनी कुळथाच्या पिठीचा उल्लेख केला हे वाचून आनंद झाला. आजारातून उठलेल्या माणसाला, प्रवासातून दमून आलेल्या माणसाला आणि भर पावसात भिजून आलेल्या माणसाला कोकणात प्रथम पिठीभातच वाढतात, आणि पर्यटकांच्या हॉटेलांत तो बहुधा मिळत नाही. वरून कच्चे खोबरेल तेल घ्यायला विसरू नका.

बदलीवर आलेला (मालवण)

सर्वांचे मनापासून आभार. इतके विस्ताराने कोणी लिहील अशी अपेक्षा नव्हती. प्रतिसाद वाचून झाल्यावर मी काकूंशी आणि त्यांच्या सुनेशी, दुपारची पंगत उठल्यावर, बसून बोललो. वेंगुर्ल्याच्या ताईंनी सुचवला तसाच प्रश्न विचारला. न कळवता वीस माणसे आली तर चालतील का, असे म्हणताच काकूंनी लगेच मान हलवून नाही म्हटले. सून मात्र काही वेळ विचार करत राहिली आणि मग जे म्हणाली ते येथे लिहिणे मला महत्त्वाचे वाटते. तिला माणसे वाढायला हवी आहेत. दुपारी आणखी दहाएक ताटे सहज होऊ शकतील एवढी तिची तयारी आहे. पण ती ताटे रोजची हवीत, सुट्टीपुरती नकोत; आणि सकाळी कळवणारी हवीत. रात्रीचे जेवण वाढवायचे नाही, कारण तिची मुलगी दहावीला आहे.

त्यामुळे आम्ही असे ठरवले आहे की चित्रफीत होणार नाही आणि नकाशावर नोंदही होणार नाही. माझ्या सहकाऱ्याला थोडे वाईट वाटले, परंतु त्याने समजून घेतले आणि एक वेगळे काम अंगावर घेतले. आळीच्या तोंडाशी लावायला तो एक छोटी पाटी रंगवून देणार आहे. तिच्यावर ‘घरगुती जेवण मिळेल’ एवढेच शब्द, दूरध्वनी क्रमांक आणि ‘सकाळी दहापर्यंत कळवावे’ ही ओळ असेल. आळीतून जाणाऱ्या माणसाला ती दिसेल, मुंबई-पुण्याहून आलेल्या गाडीला दिसणार नाही. आमच्या आणि शेजारच्या कार्यालयातल्या काही जणांनी महिन्याचे पैसे आगाऊ द्यायचे मान्य केले आहे. दराविषयी विचारले तेव्हा काकू संकोचल्या, पण सुनेने हिशोबाची वही आणली आणि नारळाचा गेल्या वर्षीचा भाव व आताचा भाव आम्हांला दाखवला. पुढच्या महिन्यापासून नवा दर लागू होईल.

काजूगरांची उसळ गेल्या आठवड्यात मिळाली. देवगडच्या गृहस्थांनी जे लिहिले आहे त्यात तिळमात्र अतिशयोक्ती नाही.

आता एक शेवटचा प्रश्न विचारतो. मे महिन्याच्या सुट्टीत माझे कुटुंब सांगलीहून येणार आहे आणि त्यांना कोंबडी-वडे खायला घालण्याची माझी इच्छा आहे. काकूंकडे ते रोज होत नाहीत. खास सांगून करवून घेणे योग्य होईल का, आणि सांगायचे तर किती आधी सांगावे?

वेंगुर्ल्याची सून (वेंगुर्ले)

पाटीचे वाचून फार समाधान वाटले. सुनेचे ऐकून घेतलेत हे विशेष.

कोंबडी-वडे अवश्य सांगा, त्यात संकोच नको. पण किमान तीन दिवस आधी सांगा. वड्याचे पीठ घरात तयार असेलच असे नाही. तांदूळ धुऊन वाळवायचे, त्यात उडीद, धणे, मेथी, बडीशेप घालून जाडसर दळून आणायचे, आणि आदल्या रात्री गरम पाण्यात भिजवून पीठ झाकून ठेवायचे, तेव्हा ते जरासे आंबून वडे फुगतात. गावठी कोंबडी हवी असेल तर ती कोणाकडे तरी सांगून ठेवावी लागते आणि ती शिजायलाही वेळ घेते. दुपारी बाराला जेवायचे म्हटलेत तर दोघींना पहाटेपासून चुलीपाशी राहावे लागेल. म्हणून एक किंवा दीडची वेळ ठरवा. वडे गरम असतानाच खायचे असतात, त्यामुळे सगळ्यांनी एकदम बसा आणि वडे तळून होतील तसे वाढून घ्या.

दिवस निवडताना सोमवार, गुरुवार, संकष्टी आणि एकादशी टाळा. मेच्या शेवटच्या आठवड्यापेक्षा पहिल्या पंधरवड्यात आलात तर बरे, कारण नंतर आगळ काढण्याची आणि पावसाळ्याच्या बेगमीची घाई असते आणि त्या दोघींना दुपारी क्षणभर बसायलाही मिळत नाही. घरातल्या कोणी मदतीचा हात पुढे केला तर रातांबे फोडायला नक्की बसू द्या. मुलांना ते काम आवडते. फक्त अंगावर जुने कपडे असू द्या, कारण त्याचे डाग जात नाहीत.